वाचकांचे प्रश्न : हार्ट फेल्युअर आणि रक्ततपासण्या

वडील (वय ७२) हार्ट फेल्युअरमुळे आठवडाभर रुग्णालयात होते. दाखल करताना एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) ६,४०० होता, घरी सोडताना ३,९००. रिपोर्टवर 'नॉर्मल १२५पर्यंत' छापलंय, आणि डॉक्टर मात्र 'छान उतरलाय' म्हणतात. विश्वास कशावर ठेवायचा? – सांगली

डॉक्टरांवर. १२५ हा आकडा दम लागतो म्हणून बाह्यरुग्ण विभागात आलेल्या माणसासाठी आहे. त्याखाली असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता फार कमी, एवढाच त्याचा अर्थ. निदान झालेल्या रुग्णाने तो गाठायलाच हवा, असं नाही. रुग्णालयातल्या मुक्कामात आकडा ३० टक्क्यांहून जास्त उतरला, तर पुढचे महिने तुलनेने बरे जातात. तुमच्या वडिलांचा सुमारे ३९ टक्के उतरला आहे.

तरीही ३,९०० जास्तच आहे, तेव्हा पुढचे सहा आठवडे ढिलाई नको. 'स्ट्राँग-एचएफ' या २०२२च्या अभ्यासात घरी सोडल्यावर दोन आठवड्यांतच औषधांचे डोस पूर्ण मात्रेपर्यंत नेले आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या व सहाव्या आठवड्यात तपासण्या केल्या. १८० दिवसांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा भरती होण्याचं प्रमाण १५.२ टक्के राहिलं. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांत ते २३.३ टक्के होतं. घरी सोडतानाच्या आकड्यापेक्षा नंतरचा १० टक्क्यांहून जास्त चढला, तर अंगात पुन्हा पाणी साठतंय का, हे तिथे पाहिलं जाई. म्हणून ३,९०० हा आकडा आणि त्या दिवशीचं वजन फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढची तुलना त्याच्याशी करायची, छापील 'नॉर्मल'शी नाही.

गेल्या महिन्यात बीएनपी ४१० होता. आता दुसऱ्या लॅबने एनटी-प्रोबीएनपी २,३०० दिलाय. आईची तब्येत पाचपट बिघडली का? – नाशिक

नाही, या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. हृदयावर ताण आला की त्यातून एक प्रथिन सुटतं आणि त्याचे बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी असे दोन तुकडे होतात. बीएनपीचं रक्तातलं प्रमाण साधारण २० मिनिटांत निम्मं होतं. एनटी-प्रोबीएनपी तासाहून जास्त टिकतो, त्यामुळे त्याचा आकडा कितीतरी मोठा दिसतो. एकाला अमुक पटीने गुणून दुसरा काढता येत नाही. तपासणी तीच आणि लॅबही शक्यतो तीच ठेवा.

आईंना सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन सुरू झालं असेल तर एनटी-प्रोबीएनपीच करा. हे औषध बीएनपी मोडणाऱ्या एन्झाइमलाच अडवतं, त्यामुळे प्रकृती सुधारत असतानाही बीएनपी चढलेला दिसू शकतो.

आकडा वाचताना आणखी काही गोष्टी बघाव्या लागतात. मूत्रपिंड कमजोर असेल, हृदयाचे ठोके अनियमित (एट्रियल फिब्रिलेशन) असतील किंवा वय जास्त असेल, तर तो वाढतो. स्थूल माणसात तो फसवा कमी येतो. केस-नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला आधी सांगा, काही यंत्रांवर त्यामुळे आकडा खोटा कमी येतो. उपाशीपोटी जायची गरज नाही. आणि प्रकृती स्थिर असतानाही २०-२५ टक्क्यांचा चढउतार होतच असतो, त्यावरून झोप उडवून घेऊ नका.

मग ही तपासणी दर महिन्याला करावी का? – पणजी

आकडा १,०००च्या खाली आणण्याच्या मागे लागून औषधं वाढवण्याचा प्रयोग 'गाइड-आयटी' अभ्यासात झाला. नेहमीच्या चांगल्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसेना, म्हणून तो मुदतीआधीच थांबवला. निकाल २०१७ साली आला. तेव्हा लक्षणं बदलली किंवा उपचारांत मोठा फेरफार झाला, की तपासणी करावी.

आमच्या मते त्या पैशांत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी), सोडियम आणि पोटॅशियम वेळेवर होणं जास्त मोलाचं. सोडियम १३५च्या खाली राहणं हे पुढचा काळ अवघड असल्याचं जुनं, स्वस्त आणि दुर्लक्षित लक्षण आहे. स्पायरोनोलॅक्टोन (हार्ट फेल्युअरमधलं, पोटॅशियम वाढवू शकणारं औषध) सुरू केल्यावर पहिल्या आणि चौथ्या आठवड्यात पोटॅशियम बघायलाच हवं. ५.५च्या वर गेलं तर डॉक्टर डोस निम्मा करतात, ६च्या वर गेलं तर औषध बंद. मात्र रक्त काढताना पेशी फुटल्या तरी पोटॅशियम खोटं वाढतं. रिपोर्टवर 'हिमोलाइज्ड' असा शेरा असेल तर नमुना पुन्हा द्या. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि शहाळ्याच्या पाण्यातही पोटॅशियम भरपूर असतं. 'पथ्याचं' म्हणून दोन्ही घरात येतात आणि इथेच घात होतो.

वर्षातून एकदा फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या लोहाच्या तपासण्याही करा. फेरिटिन १००च्या खाली, किंवा १०० ते २९९ असून सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली, म्हणजे या आजारात लोहाची कमतरता धरतात, हिमोग्लोबिन ठीक असलं तरी. त्यावर लोहाच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, शिरेतून द्यावं लागतं.

लॅबच्या पॅकेजमध्ये एसटी-२ आणि गॅलेक्टिन-३ आहेत. घ्यावं का? – ठाणे

नको. या दोन्ही रक्ततपासण्या हार्ट फेल्युअरमधल्या धोक्याचा अंदाज देतात, पण त्यावरून आज घेत असलेली गोळी सहसा बदलत नाही.