पुनर्विकासाच्या करारात ऊर्जा बचतीचे आकडे

प्रश्न : मुलुंडमधील आमच्या सोसायटीकडे पुनर्विकासाच्या कराराचा मसुदा आला आहे. ऊर्जा बचतीच्या कायद्याचं बिल्डरवर काही बंधन असतं का? – एक सचिव

उत्तर : 2001च्या ऊर्जा संवर्धन कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली आणि मोठ्या निवासी इमारतीही त्याच्या कक्षेत आल्या. पण प्रत्यक्ष सक्ती राज्याच्या नियमांतून येते, म्हणून कायद्यावर विसंबून राहू नका. 'इको-निवास संहिता' म्हणजे निवासी इमारतींसाठीचे केंद्राचे ऊर्जा बचतीचे निकष; तिचे आकडे करारातच लिहून घ्या. नुसतं 'ग्रीन इमारत' लिहिलं तर हाती काहीच लागत नाही.

सगळ्यात जास्त फसगत खिडक्यांत होते. मुंबईच्या दमट हवेसाठी संहिता सांगते, की खिडक्यांचा उघडता येणारा भाग कार्पेट क्षेत्रफळाच्या निदान 16.66 टक्के हवा. म्हणजे 50 चौरस मीटरच्या घराला सुमारे 8.3 चौरस मीटर. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी निम्मीच उघडते, त्यामुळे तेवढ्यासाठी जवळपास 17 चौरस मीटर खिडक्या लागतील. तीन पल्ल्यांची 67 टक्के धरतात, बाहेर उघडणारी 90. नकाशावर खिडकीचं पूर्ण माप दाखवतात, ते मोजू नका. पॅसेजकडे उघडणारं दारही यात धरत नाहीत.

भिंती आणि खिडक्यांमधून आत येणारी उष्णता, म्हणजे आरईटीव्ही, चौरस मीटरला 15 वॉटच्या आत हवी. मायवान पद्धतीची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली 150 मिलिमीटरची काँक्रीट भिंत 200 मिलिमीटरच्या एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकच्या भिंतीच्या चार-पाच पट उष्णता आत सोडते. अशी भिंत असेल तर पश्चिमेच्या काचा आणि खिडक्यांवरचे उन्हाचे आडोसे काटेकोर तपासा. आर्किटेक्टकडून हिशेबाचा तक्ताच मागा.

गच्चीचा यू-व्हॅल्यू, म्हणजे तिच्यातून उष्णता किती सहज आत येते याचं माप, 1.2च्या वर जाऊ नये. विटांच्या तुकड्यांच्या नुसत्या कोब्याने हे जमत नाही. 40-50 मिलिमीटरचे एक्सपीएस (उष्णतारोधक फोमचे) बोर्ड हवेत. ते वॉटरप्रूफिंगच्या वर बसवा. आधी गच्चीत 48 तास पाणी भरून ठेवा. गळती नंतर सापडली, तर बोर्ड उखडावे लागतात.

प्रश्न : अंधेरीत भाड्याने देण्यासाठी ऑफिसचा गाळा घेतोय. मला काय पाहायला हवं? – एक वाचक

उत्तर : किमान 100 किलोवॅट जोडलेला भार (सगळ्या उपकरणांची एकूण क्षमता) किंवा 120 केव्हीए करार मागणी (वीज कंपनीशी ठरवलेली कमाल मागणी) असलेल्या व्यावसायिक इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता आहे. हा भार तुमच्या गाळ्याचा नाही, इमारतीचा मोजतात. सेंट्रल एसी असेल तर मागच्या 12 महिन्यांची सामायिक वीजबिलं मागा आणि एसीसाठी फिरवल्या जाणाऱ्या थंड पाण्याचा खर्च गाळ्यागणिक मीटरने वाटतात की क्षेत्रफळाने, हे लेखी घ्या. क्षेत्रफळाने असेल, तर शेजाऱ्याने रात्रभर चालवलेल्या एसीचा वाटा तुमच्या भाडेकरूवर येतो आणि तो भाडं कमी करून मागतो.