हीट पंपासाठी २२ मिमी पाइप पुरतो का? आधी ते उंचीचे ५ मीटर खोडा

तुमच्या इंग्लंडमधल्या दुमजली घरात गॅस बॉयलरच्या जागी ८ किलोवॅटचा हीट पंप (बाहेरची उष्णता घेऊन रेडिएटर्सचं पाणी तापवणारं यंत्र) येतोय, प्लंबर सध्याचे २२ मिमीचे सगळे पाइप २८ मिमीचे करा म्हणतोय आणि तुम्ही पाठवलेल्या हिशेबात पाणी फिरवणाऱ्या पंपाला ९ मीटर हेड (पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब) लागतंय. त्यातले ५ मीटर तुम्ही वरच्या मजल्याच्या उंचीचे धरलेत. ही आपली गच्चीवरच्या टाकीची सवय! इथे पाण्याचं सर्किट बंदिस्त आहे. जेवढं पाणी वर चढतं तेवढंच दुसऱ्या पाइपातून खाली येतं, त्यामुळे पंपाला फक्त घर्षणाशी झगडायचं असतं.

आता प्रवाह. मिनिटाला किती लिटर हे काढायला किलोवॅटला १४.३ ने गुणा आणि जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्याच्या तापमानातल्या फरकाने भागा. बॉयलरला २० अंशांचा फरक चालायचा, म्हणजे ८ किलोवॅटला पावणेसहा लिटर. हीट पंप साधारण ५ अंशांवर चालवतात, म्हणजे २३ लिटर. प्रवाह चौपट झाला की घर्षण चौपट नाही, सुमारे ११ पट होतं. प्लंबर घाबरतो तो उगाच नाही.

वेग काढताना तुम्ही व्यास २२ धरलाय. ब्रिटनमध्ये तांब्याच्या पाइपाचं माप बाहेरून असतं. आतून तो साधारण २०.२ मिमी भरतो. फरक किरकोळ वाटतो, पण घर्षण व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घातानं बदलतं, त्यामुळे तुमचं उत्तर एक-तृतीयांश कमी आलंय. २०.२ धरून वेग सेकंदाला १.१९ मीटर येतो. ४० अंशांच्या पाण्याचा रेनॉल्ड्स अंक (प्रवाह किती खळबळता आहे ते सांगणारा आकडा) ३६ हजारांच्या आसपास, घर्षण गुणांक ०.०२३, आणि घर्षणामुळे होणारी दाबघट पाइपाच्या मीटरमागे सुमारे ८०० पास्कल. २८ मिमीत (आतून २६.२) वेग ०.७१ आणि दाबघट २३० च्या आसपास. घरातल्या पाइपांत मी सेकंदाला १ मीटरच्या वर सहसा जात नाही, रात्री आवाज येतो.

मात्र पूर्ण २३ लिटर वाहतात ते फक्त पहिल्या टीपर्यंत (पाइपाला फाटा फुटतो तो जोड). तुमच्या आकृतीत तिथून प्रवाह वरच्या आणि खालच्या मजल्याकडे निम्मा-निम्मा होतो. निम्म्या प्रवाहाला त्याच २२ मिमीत दाबघट मीटरमागे २४० पास्कल, म्हणजे २८ मिमीत पूर्ण प्रवाहाला जेवढी तेवढीच! म्हणून हीट पंपापासून टीपर्यंतचे जाऊन-येऊन १२ मीटर बदला, बाकी फरशी उखडू नका. या १२ मीटरची दाबघट ९.६ वरून २.८ किलोपास्कलवर येईल. एल्बो (काटकोनी वळणाचे जोड) वेगळे धरा: २२ मिमीत प्रत्येकी ०.७ किलोपास्कलच्या आसपास.

आणखी एक, सगळ्या रेडिएटर्सची दाबघट बेरजेत घेऊ नका. ते समांतर आहेत, सर्वांत अवघड वाट तेवढी धरायची. पाणी गोठू नये म्हणून त्यात ग्लायकॉल घालणार असाल तर घर्षण वाढेल, हिशेबात थोडी जागा ठेवा.

पाइप कापण्याआधी एका रेडिएटरपाशी फरशीखाली डोकावून बघा. तिथे १० मिमीचा बारीक पाइप निघाला तर १ किलोवॅटच्या रेडिएटरलाच मीटरमागे ११०० पास्कल लागतील, आणि मग २८ मिमीच्या मुख्य पाइपानं काही सुटणार नाही.