बालवाडीतल्या मुलांसाठी चित्रकला-हस्तकलेचे कोणते उपक्रम घ्यावेत?

ताई, तुम्ही लिहिलंय की जूनपासून छोट्या शिशूचा वर्ग तुमच्याकडे येतोय, साहित्याला पैसे बेताचे आहेत आणि पालकांना दर आठवड्याला घरी काहीतरी ‘छान’ आलेलं हवं असतं. मी बरीच वर्षं बालवाडीत शिकवते, म्हणून आधी एकच आग्रह धरते: पंचवीस मुलांचे पंचवीस मोर सारखेच दिसत असतील, तर ते काम बाईंचं झालं, मुलांचं नाही. बाई कापणार, बाई चिकटवणार आणि मूल फक्त डोळ्याची टिकली लावणार, असले प्रकार सरळ सोडून द्या. छापील चित्रात रेषेच्या आत रंग भरायला लावणंही या वयात नको.

तीन वर्षांचं मूल अख्खा हात खांद्यापासून फिरवून रेघोट्या मारतं. बोटांची पकड मागाहून येते. त्यामुळे कागद मोठा द्या (जुन्या कॅलेंडरची मागची बाजू उत्तम), खडू जाड द्या आणि जमिनीवर बसू द्या. चारच्या आसपास माणूस अवतरतो. एक मोठं गोल डोकं आणि त्यालाच थेट फुटलेले पाय, पोटाचा पत्ता नाही. जगभरची मुलं असाच माणूस काढतात. तिथे ‘अगं, पोट राहिलं’ म्हणू नका. ‘हे काय काढलंस?’ असंही विचारू नका. ‘मला सांग ना चित्रातलं’ म्हटलं की मूल बोलत सुटतं.

आता माझा सगळ्यात आवडता उपक्रम. वाटीभर पाण्यात दोन-तीन चमचे हळद कालवा आणि मुलांना कापडाच्या बोळ्याने जाड पांढऱ्या कागदावर फासू द्या. कागद उन्हात वाळवा. दुसऱ्या दिवशी अंगाच्या साबणाची वडी पाण्यात घोळवून ते पाणी वाटीत द्या आणि कापूस गुंडाळलेल्या काडीने त्या पिवळ्या कागदावर चित्र काढायला सांगा. पाण्याची रेघ उमटते ती लालसर! कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो, तेच हे. साबणासारख्या अल्कलीत (म्हणजे लिंबासारख्या आंबट पदार्थाच्या उलट गुणाच्या पदार्थात) हळद रंग बदलते. मुलं आधी काडीकडे बघतात, मग वाटीत डोकावतात, मग पुन्हा रेघ मारून बघतात. शेवटी लिंबाची फोड हातात द्या, लाल रेघेवर फिरवली की ती परत पिवळी होते. एवढ्यावर मुलं तासभर रमतात, आणि खर्च म्हणाल तर जवळजवळ नाहीच. जुने कपडे घालून पाठवा, एवढं पालकांना आदल्या दिवशी सांगून ठेवा.

भेंडीचे ठसे सगळेच करतात. त्याच ताटात कांद्याची अर्धी फोड, कारल्याची चकती, मक्याचं कणीसही ठेवा. कणीस रंगात बुडवून कागदावर लाटलं की सुंदर नक्षी उठते.

कात्रीच्या आधी फाडकाम घ्या. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटतं, दुसऱ्या दिशेने वाकडंतिकडं. ते मुलांना आपोआप सापडू द्या. तुकडे मैद्याच्या खळीने चिकटवा. मातीकामाला कुंभाराकडची माती मिळाली तर तिच्यासारखं काही नाही. नाहीच मिळाली तर दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तसं पाणी घालून गोळा मळा. मात्र हा गोळा खायचा नसतो हे मुलांना बजावा, त्यात मीठ फार असतं.

नैसर्गिक साहित्य वापराच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी 1945 मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं, तेव्हा पानं, बिया, खडे, शिंपले हीच तिथली शैक्षणिक साधनं होती. पण तीन-चार वर्षांच्या मुलांना तुरीचे दाणे, मणी असलं बारीक काही देऊ नका, नाकात जातं. आणि गुंजा कितीही देखण्या असल्या तरी वर्गात आणूच नका, त्या विषारी असतात.

राहिला पालकांचा प्रश्न. मी चित्राच्या मागे तारीख घालते आणि मूल जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवते. ‘आजी गोठ्यात गेली, गाय रागावली’ असं वाचलं की तोच कागद आईवडील जपून ठेवतात. चित्रं भिंतीवर लावाल ती मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. पहिल्या पालकसभेत तोच हळदीचा कागद आणि साबणाचं पाणी आयांपुढेही ठेवा, बाबा आले असतील तर त्यांच्याही हातात काडी द्या. ‘घरी काय आलं?’ हा प्रश्न त्यानंतर बराच कमी होतो.