गोवा-बेळगाव रस्त्यावरच्या चोर्ला घाटासाठी रोड बाईकचे गिअर हलके करायचे आहेत. मागची कॅसेट बदलू की पुढची क्रँक?

तुमच्या सायकलला शिमानो १०५ आर७००० हा गिअरसंच आहे: ११ स्पीड, पुढे क्रँकवर ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चेनरिंग (५०/३४), मागे कॅसेटवर ११ ते २८ दात्यांची ११ चक्रं (११-२८). फोंड्याच्या आसपासचे चढ निभतात, पण केरी सोडून घाट लागला की उभं राहूनच पेडल मारावं लागतं आणि गुडघे कुरकुरतात, असं तुम्ही लिहिलंय. आधी मागची कॅसेट ११-३४ करा. क्रँकला एवढ्यात हात लावू नका.

आधी हिशेब बघा. चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर. ३४/२८ वर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल अडीच मीटरच्या जरा वर जाते, ३४/३४ वर बरोबर २.१. मिनिटाला ७५ फेरे धरले तर पहिल्यात वेग ताशी साडेअकरा किमी पडतो, दुसऱ्यात साडेनऊ. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो आणि चढ ८ टक्के असेल, तर साडेअकरासाठी साधारण २३५ वॅट लागतात, साडेनऊसाठी १९०. बहुतेक हौशी स्वारांना तासभर १९० काढतानाच दम लागतो, २३५ तर दूरच. मग ३४/२८ वर होतं असं की पाय ६० फेऱ्यांवर घसरतात, प्रत्येक फेऱ्याला जोर जास्त लागतो आणि तो सगळा गुडघ्यावर येतो. पाय मजबूत करा, गिअर आपोआप हलका वाटेल, असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकून गुडघा दुखवून घेऊ नका.

आता मुख्य अडचण, मागचा डिरेल्युअर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग. आर७००० दोन प्रकारांत येतो: लहान केजचा (केज म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा दांडा) एसएस आणि त्यापेक्षा लांब केजचा जीएस. मॉडेल नंबर डिरेल्युअरच्या मागच्या, म्हणजे चाकाकडच्या बाजूला असतो, मातीने भरलेला असेल तर पुसून बघा. एसएसला मागे जास्तीत जास्त ३० दाते चालतात, जीएसला ३४. शिवाय एकूण क्षमता पाहायची: पुढचा फरक (५०-३४=१६) अधिक मागचा फरक (३४-११=२३), म्हणजे ३९. जीएसची मर्यादा बरोबर ३९, एसएसची ३५. तुमच्याकडे ११-२८ आहे, म्हणून एसएस असण्याचीच शक्यता जास्त. एसएसवर ३२ बसवून फिरणारे लोक आहेत आणि हँगर (फ्रेमचा डिरेल्युअर जोडतात तो तुकडा) थोडा लांब असेल तर ते निभतंही, पण ३४ बसवू नका. जीएस डिरेल्युअर घ्या, हँडलवरचे शिफ्टर आहेत तेच राहतील.

कॅसेट शिमानोची एचजी७००-११ किंवा एचजी८००-११ घ्या. या दोन्ही ११-३४ जुन्या १० स्पीडच्या फ्रीहबवरही (मागच्या हबचा कॅसेट बसते तो भाग) बसतील अशा बनवल्या आहेत. त्यामुळे ११ स्पीडच्या रोड हबवर बसवताना आधी १.८५ मिमीची रिंग टाकावी लागते. ती विसरली तर लॉकरिंग पूर्ण आवळूनही कॅसेट हबवर हलते आणि गिअर काही केल्या जुळत नाहीत. दुकानात सायकल सोडून येणार असाल तर ‘रिंग टाकली का’ एवढं विचाराच. लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला आवळतात.

जुनी चेन बहुतेक आखूड पडेल. कॅसेटचं सर्वांत मोठं चक्र सहा दात्यांनी वाढलं, म्हणजे साधारण तीन कड्या जास्त हव्यात. आखूड चेनवर चुकून मोठी चेनरिंग आणि मोठं चक्र असा जोड पडला, तर डिरेल्युअर ताणला जाऊन हँगर तुटतो, कधी फ्रेमही खराब होते. लांबी मोजायला चेन डिरेल्युअरमधून न नेता ५० आणि ३४ वरून सरळ गुंडाळा, टोकं जुळतात त्याच्यापुढे दोन कड्या ठेवा. गोव्यात लाल मातीचा चिखल आणि किनाऱ्याची खारी हवा यांनी चेन लवकर झिजते, म्हणून नवीन कॅसेटला नवीनच चेन लावा. झिजलेली चेन नव्या दात्यांवर उड्या मारते.

मग बी-स्क्रू, म्हणजे डिरेल्युअर आणि कॅसेट यांच्यातलं अंतर ठरवणारा स्क्रू. पुढे ३४, मागे ३४ असा गिअर टाकून पेडल मागे फिरवा. डिरेल्युअरची वरची छोटी चाकी (जॉकी व्हील) कॅसेटच्या दात्यांना घासत असेल तर बी-स्क्रू आत घ्या, घासणं थांबलं की थांबा. जास्त आत घेतला तर गिअर सुस्तपणे बदलतात. एल-स्क्रू (डिरेल्युअरला चाकाकडे जास्त जाऊ न देणारा) मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा: तो सैल असला तर घाटात उभं राहून जोर देताना चेन स्पोकमध्ये जाते आणि डिरेल्युअर चाकात ओढला जातो. कारच्या डिकीतून सायकल नेताना हँगर वाकलेला असला तरी हेच होतं.

या बदलाची किंमत सपाटीवर मोजावी लागते. तुमच्या ११-२८ मध्ये ११, १२, १३, १४, १५ दात्यांची चक्रं आहेत, नव्यात ११, १३, १५. मिरामार ते दोनापावला समोरच्या वाऱ्यात चालवताना एक गिअर जड आणि दुसरा हलका वाटेल. वर २७, ३०, ३४ या पायऱ्याही मोठ्या आहेत. मला तरी हा सौदा परवडण्याजोगा वाटतो.

एवढं करूनही पुरत नसेल, किंवा अनमोड घाटही सामानासकट करायचा असेल, तरच क्रँक. १०५ च्या क्रँकला ३४ पेक्षा लहान चेनरिंग शिमानो देत नाही, त्यामुळे शिमानोचीच जीआरएक्स ४६/३० क्रँक घ्यावी लागते. तिची चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून चेनरिंगपर्यंतचं अंतर) २.५ मिमी बाहेर असते, म्हणून पुढचा डिरेल्युअरही जीआरएक्सचाच लागतो. ३०/३४ वर ७५ फेऱ्यांना ताशी साडेआठच्या खाली येता. वरच्या टोकाला ४६/११ वर ९० फेऱ्यांना ४७ किमी मिळतात, उतारावर तेवढे पुरे.

हेच शिमानोच्या सोरा किंवा क्लॅरिस या संचांवर करणाऱ्यांसाठी: ८-९ स्पीडचा शिमानो रोड शिफ्टर ८-९ स्पीडच्या एमटीबी (माउंटन बाईक) डिरेल्युअरबरोबर चालतो, त्यामुळे मोठी कॅसेट सोपी. १० स्पीडच्या एमटीबी डिरेल्युअरची केबल-ओढ वेगळी, तो नको.

बसवून झालं की थेट चोर्ल्याला जाऊ नका. पणजीतल्या आल्तिनोच्या चढावर दोन-तीन फेऱ्या मारा, बसूनही आणि उभं राहूनही, आणि ३४ वर आवाज येतो का ऐका. घाटात डावीकडच्या हेअरपिनला (उलट फिरणाऱ्या वळणाला) तुम्ही आतल्या कडेला असता, तिथे काही मीटर चढ एकदम उभा होतो. वळण दिसलं की आधीच हलका गिअर टाका. जोर लावलेला असताना पुढची चेनरिंग बदलली तर चेन पडण्याची ती हमखास जागा.