ग्रीन कार्ड आलं, आता शिकू काय?

प्रश्न: ताई, आम्ही क्युपर्टिनोला असतो, माझं बीकॉम पुण्याचं, पण 10 वर्षं घरीच आहे. इथलं कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपलं आयटीआयच का?

उत्तर: अगं नाही, आयटीआय आणि कॉलेज एकत्र केल्यासारखं म्हण. तुमच्या क्युपर्टिनोच्या डी अँझा कम्युनिटी कॉलेजमध्येच बघ ना, कुणी गाडीखाली शिरून ब्रेक खोलतंय, कुणी पॅरालीगल (वकिलाचा मदतनीस) व्हायचा कोर्स करतंय, कुणी दोन वर्षं काढून बर्कले युनिव्हर्सिटीला ट्रान्सफर मारायच्या तयारीत. असोसिएट डिग्रीला (म्हणजे दोन वर्षांच्या पदवीला) 90 क्वार्टर युनिट, म्हणजे तिमाही सत्राची क्रेडिट्स, लागतात, पण तुला परत डिग्री कशाला, सरळ अकाउंटिंगचं सर्टिफिकेट घे. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना युनिटला 31 डॉलर पडतात, पुस्तकं वेगळी (ती सेकंडहँडच घे). आधी टॅक्सचा एकच कोर्स करून बघ, तिथलं टॅक्स आपल्या बीकॉममध्ये कुठे होतं!