समुराईंचं रणांगणावरचं मुख्य शस्त्र: कताना की भाला?

तुम्ही विचारलंय, समुराईच्या हातात कताना, म्हणजे त्याची वाकडी तलवार, श्रेष्ठ की यारी आणि नागिनाता ही लांब दांड्याची शस्त्रं, आणि तसं असेल तर नाव सगळं कतानाचंच का?

मोकळ्या रणांगणावर मी दांड्याच्या बाजूने. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या जपानच्या यादवीत समुराईच्या हातात बहुधा यारी, म्हणजे सरळ पात्याचा भाला असे आणि तलवार कमरेला. भाला मोडला, हातून गेला किंवा झटापटीत दांडा फिरवायला जागाच उरली नाही, की तलवार उपसायची. कतानाचं पातं साधारण ७० सेंटिमीटरचं. समोर दोन-तीन मीटरचा भाला असेल तर त्याच्या मालकापर्यंत पोचणंच जिवावरचं काम. त्यात दोघांच्याही अंगावर चिलखत. त्यावर तलवारीचा वार फारसा चालत नाही. काख, गळा अशा फटींत टोक घुसवावं लागतं, आणि त्याला भाल्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

सोळाव्या शतकातला बलाढ्य सरदार ओदा नोबुनागा, त्याच्या पायदळाचे भाले तर तीन ते साडेतीन केन, म्हणजे साडेपाच-सहा मीटरचे होते. असा भाला एकट्यादुकट्याच्या कामाचा नाही. रांगेने उभं राहून सगळ्यांनी मिळून तो चालवायचा. मानही भाल्यालाच होता. शत्रूला सर्वांत आधी जो भाला भिडवेल त्याचा पराक्रम 'इचिबान यारी', पहिला भाला, म्हणून गौरवला जाई. नोबुनागाचा सेनापती हिदेयोशी, त्याच्या १५८३ च्या शिझुगाताकेच्या लढाईत गाजलेल्या तरुण योद्ध्यांना 'शिझुगाताकेचे सात भाले' म्हणतात.

नागिनाता त्याआधीची. लांब दांडा, टोकाला वाकडं पातं; घोडेस्वाराला खाली आणायला उत्तम, आणि मठांतल्या लढवय्या भिक्षूंची तर ती ओळखच. पण ती फिरवायला मोकळी जागा लागते. पायदळाच्या दाट रांगा आल्या तशी ती मागे पडली.

मला स्वतःला सगळ्यांत आवडतो तो नारा इथल्या होझोइन या भालाविद्येच्या परंपरेचा फुलीच्या आकाराचा भाला. त्या परंपरेत म्हणतात, भोसकलं तर भाला, फिरवलं तर नागिनाता, ओढलं तर विळा. तीन कामं एका दांड्यावर! सोळाव्या शतकात इनएइ नावाच्या बौद्ध भिक्षूने ही पद्धत घडवली.

मग कताना कमी प्रतीची का? मुळीच नाही. पात्यावर मातीचा लेप देऊन, धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड, मग पाणी द्यायचं. धार कडक होते, पाठ चिवट राहते. हे काम बघून मी दर वेळी थक्क होतो. संग्रहालयात गेलात तर एक खूण लक्षात ठेवा: धार खाली करून मांडलेली ती जुनी ताची, घोडेस्वार कमरेला लटकवायचा ती, धार वर असेल तर कताना, कमरपट्ट्यात खोचायची. कित्येक जुन्या ताची पुढे मुठीकडून आखूड करून कताना म्हणून वापरल्या गेल्या, आणि त्यात घडवणाऱ्याची सहीच कापली गेली. याची मला फार हळहळ वाटते.

नाव कतानाचं झालं ते शांततेच्या काळात. सतराव्या शतकापासून अडीचशे वर्षं मोठी युद्धं जवळजवळ थांबली. भाला घरी टांगलेला राहिला. एक लांब आणि एक आखूड अशा दोन तलवारी मात्र रोज कमरेला, आणि तो हक्क फक्त समुराईचा. 'तलवार म्हणजे समुराईचा आत्मा' ही भावना याच काळात रुजली. १८७६ मध्ये सरकारने कमरेला तलवार लावून फिरायला बंदी केली तेव्हा लोकांना जे गेल्यासारखं वाटलं, ते हेच.

याच शांततेत नागिनाता समुराई घरातल्या स्त्रियांच्या हाती आली. १८६८ च्या यादवीत, आइझु या प्रांतातल्या लढाईत, नाकानो ताकेको सरकारच्या बंदुकधारी सैन्यावर नागिनाता घेऊनच चालून गेली. छातीत गोळी लागून ती पडली तेव्हा विशीतली होती.