दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये गेलेल्या अमेरिकी लष्करी दुभाष्यांचा अनुभव कसा होता?
एका शब्दात सांगायचं तर अवघड. यातले बरेचसे 'निसेई', म्हणजे जपानी आईबापांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेली मुलं. मिनेसोटातल्या लष्करी भाषाशाळेत शिकून १९४५ नंतर ती जपानमध्ये उतरली. चेहरा जपानी, गणवेश अमेरिकी. त्यामुळे स्थानिक लोकांना ती धड आपली वाटेनात, धड परकीही नाहीत. अनेकांचे आईबाप हिरोशिमा भागातून अमेरिकेत गेलेले, त्यामुळे ड्यूटी संपली की काहीजण तिथे आपले काका-मामा जिवंत आहेत का ते शोधत फिरायचे. आणि युद्धकाळात यांच्यातल्या कितीतरी जणांचे घरचे लोक, केवळ जपानी वंशाचे म्हणून, अमेरिकेनेच काटेरी तारांच्या छावण्यांत डांबले होते!

कामही साधं नव्हतं. घरात ऐकलेलं जपानी बोलायला ठीक, पण कोर्टात कसं पुरणार? टोकियो खटल्यात (जपानच्या युद्धकाळातल्या नेत्यांवरचा युद्धगुन्ह्यांचा खटला, १९४६-४८) प्रत्यक्ष दुभाषी जपानी नागरिक असत. शेजारी निसेई 'मॉनिटर' बसून चूक झाली की तिथल्या तिथे दुरुस्त करायचा. त्याच्याही वर वाद मिटवायला गोरा अधिकारी. ही उतरंड बघितली की विश्वास कोणावर किती होता ते कळतं. जपानीत क्रियापद शेवटी येतं, म्हणजे 'केलं' की 'केलं नाही' हे वाक्य संपेपर्यंत समजत नाही. आपल्या मराठीसारखंच. त्यामुळे साक्षीदाराचं वाक्य पुरं होईपर्यंत दुभाष्याला गप्प थांबावं लागे.